सेंट आइव्झ येथील एक प्रदर्शनवर्ष : स्थल, नाम आणि चित्र

‘प्रादेशिक’ हे विशेषण संग्रहालयास लावले म्हणजे त्याचे दोन अर्थ संभवतात. एखाद्या प्रदेशात वसलेले, हा एक अर्थ. त्या प्रदेशाविषयी काही सांगणारे, हा दुसरा. व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकच मानले जातात, आणि प्रादेशिक संग्रहालयांविषयी होणाऱ्या चर्चेतील बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील टेट सेंट आइव्झ या संग्रहालयात ऑक्टोबर 2017 ते सप्टेंबर 2018 या काळात जी प्रदर्शने झाली, ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

हे संग्रहालय 1993 साली जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर उभे राहिले. एल्ड्रेड इव्हान्स आणि डेव्हिड शालेव्ह हे त्याचे वास्तुकार. समोर पोर्थमिअरची पुळण आणि अटलांटिक महासागर, पाठीशी कडा. (पोर्थमिअर हे नाव कॉर्निश भाषेतील आहे. ‘पोर्थ’ म्हणजे खाडी वा बंदर, ‘मेउर’ म्हणजे मोठा. ज्या भाषेने हे नाव दिले तिचा व्यवहारातील वापर अठराव्या शतकाअखेर जवळजवळ थांबला; नाव मात्र राहिले.) पूर्वी येथे कायमस्वरूपी मांडणीस पुरेशी जागा नव्हती आणि प्रदर्शन बदलताना दालने बंद ठेवावी लागत. 2017 साली जेमी फोबर्ट यांच्या आराखड्यानुसार कड्याच्या आत सुमारे पाचशे चौरस मीटरचे एक विशाल, खांबविरहित दालन खोदून काढण्यात आले व ही अडचण दूर झाली. पुढील वर्षी त्या वर्षाचे सर्वोत्तम संग्रहालय म्हणून ब्रिटनमधील आर्ट फंडाचा पुरस्कारही त्यास मिळाला.

नव्या दालनाचा आरंभ रिबेका वॉरन यांच्या शिल्पांनी झाला. त्यांच्या उंच कांस्यमूर्तींनी दालनाची उंची सिद्ध केली, याहून अधिक काही त्या प्रदर्शनाने स्थलाविषयी साधले असे म्हणवत नाही. खरा विचारविषय त्यानंतरची दोन प्रदर्शने होत.

फेब्रुवारी ते एप्रिल 2018 या काळात व्हर्जिनिया वुल्फ यांच्या लेखनापासून प्रेरणा घेतलेले प्रदर्शन भरले. 1850 पासून आजपर्यंतच्या ऐंशीहून अधिक कलावंतांच्या कृती त्यात एकत्र आणल्या होत्या. व्हेनेसा बेल, लॉरा नाइट, ग्लक, क्लोद काहूँ अशी नावे एका छताखाली पाहावयास मिळणे हा मोठाच लाभ होता. स्त्री-कलावंतांच्या दुर्लक्षित परंपरेचा असा विस्तृत पट क्वचितच उलगडला जातो. तथापि शीर्षकातील ‘प्रेरणा घेतलेले’ हे कृदन्त कोणाचे विशेषण आहे, हा प्रश्न व्याकरणाचा असला तरी टीकेचाही आहे. ज्या कृती वुल्फच्या जन्मापूर्वीच्या, त्या तिच्या लेखनापासून प्रेरणा घेऊ शकत नाहीत. म्हणजे प्रेरणा घेतली ती प्रदर्शनाने, चित्रांनी नव्हे. ही गोष्ट शीर्षकाने प्रामाणिकपणे सांगितली आहे. पण दालनात फिरणाऱ्या प्रेक्षकास ती जाणवत नाही, आणि भूदृश्य, गृहजीवन, स्वत्व अशा व्यापक सूत्रांखाली कोणतीही कृती कोणत्याही कृतीच्या शेजारी बसू शकते.

सेंट आइव्झशी वुल्फचे नाते मात्र उसने नाही. 1882 ते 1894 या वर्षांतले तिच्या कुटुंबाचे उन्हाळे येथील टॅलंड हाउसमध्ये गेले आणि खाडीपलीकडील गॉड्रेव्हीचा दीपस्तंभ तिने बालपणी पाहिला. 1927 च्या ‘टू द लाइटहाउस’ या कादंबरीत तोच दीपस्तंभ आहे, परंतु लेखिकेने कथास्थळ मुद्दाम दूर स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांत नेले आहे. स्थल स्मरणात ठेवून स्थलनाम पुसण्याची ही क्रिया प्रदर्शनाच्या केंद्रस्थानी यावयास हवी होती. संज्ञाप्रवाहाच्या चर्चेत वुल्फचे नाव आपल्याकडे नेहमी येते, मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (1942) या कादंबरीच्या संदर्भात तर हटकून. पण त्या कादंबरीतील लिली ब्रिस्को ही चित्रकर्ती सहसा विसरली जाते. लिलीपुढील प्रश्न भावनेचा नसून रचनेचा आहे. चित्राच्या उजव्या आणि डाव्या भागांतील वस्तुमाने एकमेकांशी कशी जोडावी, झाड मध्याकडे सरकवावे काय, हे तिला छळते. या लिलीचे उत्तर वुल्फ-प्रदर्शनात नव्हते; ते पुढच्या प्रदर्शनात होते.

मे ते सप्टेंबर 2018 मध्ये पॅट्रिक हेरन (1920–1999) यांचे मोठे प्रदर्शन भरले व नंतर ते मार्गेट येथे गेले. हेरन हे चित्रकार तसेच समर्थ टीकाकार होते. झेनरजवळच्या ‘ईगल्स नेस्ट’ या घरात ते बालपणी काही महिने राहिले होते, 1956 पासून तेथेच स्थायिक झाले आणि मृत्यूही तेथेच आला. प्रदर्शनाच्या संयोजकांनी कालक्रम सोडून हेरनच्याच लेखनातून घेतलेल्या चार कल्पनांखाली चित्रे मांडली: एकात्मता, कडा, प्रकट परिमाण, आणि असममिती व पुनर्जटिलता. मराठी वाचकास येथे मर्ढेकरांच्या संवादलय, विरोधलय व समतोललय या संज्ञा आठवल्यावाचून राहणार नाहीत. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या विषयात नसून माध्यमद्रव्याच्या संघटनेत आहे, ही भूमिका दोघांत समान आहे. पण मर्ढेकर तत्त्व मांडीत होते, हेरन आपल्या हाताचे काम तपासून पाहत होते. एकाची संज्ञा सार्वकालिक असू पाहते, दुसऱ्याच्या संज्ञेला जन्मतारीख आहे. त्या संज्ञांस दालनांची नावे बनविताच हा भेद लोपतो.

आणि येथे एक विसंगती उत्पन्न होते. हेरन आपल्या चित्रांची नावे विलक्षण शिस्तीने ठेवीत. ‘अझेलिया गार्डन : मे 1956’ या नावात एक वस्तू आहे आणि एक महिना आहे. दोन वर्षांच्या आतच वस्तू नाहीशी होते: ‘आडव्या पट्ट्यांचे चित्र : नोव्हेंबर 1957–जानेवारी 1958’ यात केवळ रचना आणि काळ उरतो. 1969 च्या एका मोठ्या चित्राचे नाव तर कॅडमियम, जांभळा, शेंदरी, पाचू, लिंबू आणि व्हेनेशियन अशी रंगद्रव्यांची निव्वळ यादी आहे. पुढे ऐंशीच्या दशकात ‘बाग’ हा शब्द परत येतो. सिडनी येथील वास्तव्यात केलेल्या चित्रांत तर स्थलनामही येते. नामांचा हा प्रवास वस्तूकडून रंगाकडे आणि रंगाकडून पुन्हा स्थलाकडे झालेला आहे. यातील एकच घटक कधीही सुटत नाही, तो म्हणजे दिनांक. ज्या चित्रकाराने काळ हा नामाचा अविभाज्य अवयव मानला, त्याचीच चित्रे कालनिरपेक्ष मांडावीत हे त्याच्या शब्दांचा आदर करून त्याच्या व्याकरणाचा अनादर करण्यासारखे आहे. रंगांची भव्यता नव्या दालनात पुरेपूर प्रत्ययास आली, यात शंका नाही. परंतु बाग गेली केव्हा आणि आली केव्हा, हे कळण्याचा मार्ग प्रेक्षकास स्वतःच नामपट्ट्या वाचून शोधावा लागला.

कायम मांडणीच्या जुन्या दालनांत निकल्सन, हेपवर्थ, गाबो यांच्यासह ॲल्फ्रेड वॉलिस (1855–1942) यांची छोटी चित्रे होती. आयुष्यभर समुद्राशी आणि भंगाराच्या व्यापाराशी संबंध असलेल्या या गृहस्थाने सत्तरीच्या सुमारास, पत्नीच्या मृत्यूनंतर, चित्रे काढण्यास आरंभ केला. वाण्याकडच्या खोक्यांचे वेडेवाकडे पुठ्ठे आणि बोटींना लावावयाचा रंग ही त्याची सामग्री. ऑगस्ट 1928 मध्ये निकल्सन व क्रिस्टोफर वुड यांनी त्याला ‘शोधले’ असे कलेतिहास सांगतो; तो हरवला होता असे गावात कोणास वाटत नसावे. त्याच्या चित्रात जहाज दीपस्तंभाहून मोठे असते, कारण महत्त्व जहाजाला आहे. पुठ्ठ्याचा कोपरा तिरपा असेल तर समुद्रही तिरपा होतो. लिली ब्रिस्कोचा प्रश्न त्याला पडलाच नाही, कारण पुठ्ठ्याने तो आधीच सोडविला होता. वर्षभरातील दोन्ही प्रदर्शने याच मांडणीशी जोडून दाखविली असती तर ‘प्रादेशिक’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले असते.

तशी निकड त्या गावास होती. मे 2016 मध्ये सेंट आइव्झच्या नागरिकांनी, नवी घरे केवळ कायम रहिवाशांसाठीच असावीत, सुट्टीपुरती दुसरी घरे म्हणून नव्हेत, या तरतुदीसह आलेल्या नियोजन-आराखड्यास ऐंशी टक्क्यांहून अधिक मतांनी संमती दिली. चित्रकारांनी ज्या प्रकाशाची कीर्ती केली त्याच प्रकाशाने घरांच्या किमती वाढविल्या. वॉलिससारख्या माणसास आज त्या गल्लीत खोली परवडणे कठीण. संग्रहालय हे या प्रक्रियेचे साक्षी आहे तसेच काही अंशी कारणही आहे. त्याच्या भिंतींवर ‘स्थल’ हा शब्द केवळ कलाविषय म्हणून आला, तर बाहेर मतदान करणाऱ्यांच्या स्थलाशी त्याचा संबंध राहत नाही.

संग्रहालयापासून थोड्याच चढावर बार्नूनची दफनभूमी आहे. तेथे वॉलिसच्या थडग्यावर बर्नार्ड लीच यांनी घडविलेल्या फरशा आहेत: एक प्रचंड दीपस्तंभ आणि त्याच्या पायथ्याच्या दाराशी अगदी लहान एक माणूस. नावाखाली दोन पदे कोरली आहेत, आधी चित्रकार, मग खलाशी. पहिल्या कामास त्याने फार तर सतरा वर्षे दिली होती.