मरुत्सखा आणि नेवाळीची धावपट्टी

दिवाळी अंकांच्या वाचकाला शिवकर बापूजी तळपदे हे नाव नवे नाही. दर दोन-चार वर्षांनी एखाद्या अंकात त्यांच्यावर लेख येतो आणि सगळ्या लेखांची गोष्ट जवळपास एकच असते. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपद्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे वैमानिकाविना चालणारे विमान उडवले. ते १५०० फूट उंच गेले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे हजर होते. ‘केसरी’ने वृत्त छापले. पुढे इंग्रजांनी मदत रोखली, यंत्र नष्ट झाले आणि आठ वर्षांनी राइट बंधूंनी श्रेय नेले. २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याच महिन्याच्या अखेरीस ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला, आणि गोष्टीला नवे पंख फुटले. पंखांची ही उपमा मुद्दाम वापरली आहे, कारण मूळ गोष्टीत पंखांचा उल्लेखच फारसा सापडत नाही.

या लेखांची समीक्षा आजवर दोनच प्रकारांनी झाली: एक टाळ्यांची, दुसरी टिंगलीची. दोन्हींत तळपदे हा माणूस हरवतो. पाठारे प्रभू घरात १८६४ साली जन्मलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी संबंध असलेला, आर्य समाजाच्या विचाराने भारावलेला आणि १९०७ साली ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तक लिहिणारा हा गृहस्थ टिंगलीचा विषय नाही. त्यांच्या प्रेरणेचे मूळही धूसर नाही. स्वामी दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त नौविमानादी विद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. हा ग्रंथ १८७० च्या दशकातला आहे, म्हणजे आगबोट आणि आगगाडी या दोन्ही गोष्टी देशात येऊन स्थिरावल्यानंतरचा. वाफेच्या युगात बसून वेद वाचणाऱ्याला ऋचांमध्ये यंत्रे दिसू लागावीत, यात नवल नाही. तळपद्यांनी ते प्रकरण वाचून प्रत्यक्ष यंत्र करायला घेतले. पुष्कळ वाचणाऱ्यांनी तेवढेही केले नाही.

आता पुराव्याकडे वळू. माझ्या वाचनात आलेल्या लेखांत ‘केसरी’चा दाखला हमखास असतो, अंकाची तारीख, पान आणि बातमीचा मजकूर मात्र नसतो. एक लेख दुसऱ्याचा आधार घेतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि साखळी ओढत गेले की हाताला काही लागत नाही. याच मुंबईत, मरुत्सखाच्या कथित उड्डाणानंतर अवघ्या वर्षाने, ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ झाला. त्याची तारीख आहे, जागा आहे, ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली जाहिरात आहे, तिकीट एक रुपया होते हेही ठाऊक आहे. पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची एवढी नोंद ठेवणाऱ्या शहराने, हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि एक महाराजा यांच्यादेखत आकाशात गेलेल्या यंत्राची नोंद कोठेच ठेवली नसेल? त्या वेळी मुंबईत इंग्रजी पत्रे होती, ‘इंदुप्रकाश’ होते. एका पत्राने बातमी दाबली असे मानले तरी सगळ्यांनी मिळून दाबली, हे पटत नाही. आणि १८९५ च्या अखेरीस पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही, यावरून टिळकपक्ष आणि रानडेपक्ष यांची जुंपली होती. त्या वर्षी रानडे कोठे गेले, कोणाच्या शेजारी उभे राहिले, यावर दोन्ही बाजूंचे डोळे होते.

आकाशात माणूस जाणे हे लोकांना अगदी अपरिचितही नव्हते. १८८९ साली कलकत्त्यात रामचंद्र चॅटर्जी फुग्यातून वर गेले होते आणि त्याची वर्तमानपत्री नोंद आहे. एतद्देशीय माणसाचे साहस म्हणून कोणी ते लपवले नाही.

पुराव्याची दुसरी कसोटी हवेची आहे, आणि ती कोणत्याही दप्तरात जाऊन पाहावी लागत नाही. ठाणे सोडून दिव्याकडे निघालेल्या जलद लोकलमध्ये खिडकीच्या गजाशी तळवा आडवा धरून किंचित वर कलता केला, की वारा तो वर ढकलतो. कल वाढवत गेले की एका क्षणी वरची ओढ संपते आणि हात नुसता मागे रेटला जातो. उत्थापन आणि पंखाचा घात या दोन्ही गोष्टी या तळव्यात आहेत. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर रेटते. (पंखाच्या वरून जाणारी हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला मागच्या कडेशी ‘वेळेत’ गाठते, हे स्पष्टीकरण अजून कित्येक मराठी पुस्तकांत छापले जाते. तसे घडत नाही. वरची हवा बरीच आधी पोचते. राष्ट्राभिमानाशी काही संबंध नसलेली चूकही किती चिवट असते!) वेग दुप्पट झाला की उत्थापन चौपट होते, म्हणून जड पक्ष्याला धावावे लागते. ठाण्याच्या खाडीतले रोहित उडण्याआधी चिखलपाण्यात पावले टाकत पळतात ते याच कारणाने. उलट आधारवाडीच्या कचराभूमीवर घिरट्या घालणाऱ्या घारी पंख न हलवता वर चढत जातात, कारण तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवाच त्यांना उचलते. घारीला इंजिन फुकट मिळते. यंत्राला ते बरोबर न्यावे लागते, आणि इंजिनाचे वजन हीच एकोणिसाव्या शतकाची खरी अडचण होती.

१८९५ च्या आसपास जग या अडचणीशी कसे झगडत होते, हे आपल्या लेखांत सहसा येत नाही. ‘राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी’ असे म्हटले की मधली सगळी माणसे गळतात. इंग्लंडमधील जॉर्ज केलीने १७९९ सालीच चांदीच्या चकतीवर उत्थापन आणि अवरोध ही बळे वेगळी करून कोरली होती. १८९४ च्या जुलैमध्ये हायरम मॅक्झिमचे साडेतीन टनांचे वाफेचे अजस्र यंत्र रुळांवरून धावले, क्षणभर उचलले गेले आणि वरचा अडसर मोडून कोसळले. जर्मनीत ओटो लिलिएंथालने १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगून पाहिले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये अपघातात प्राण गमावला. त्याच वर्षी ६ मे रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँग्लीचे सुमारे ११ किलोचे, माणूस नसलेले वाफेचे विमान पोटोमॅक नदीवर हजार मीटरांच्या आसपास उडाले. मरुत्सखाशी तुलना करायचीच तर ती राइट बंधूंशी करून चालणार नाही. ती लँग्लीच्या या यंत्राशी करायला हवी. दोन्ही वैमानिकाविना, दोन्ही एकाच सुमाराची. एकाचे छायाचित्र आहे, मापे आहेत, यंत्रही जपलेले आहे. दुसऱ्याबद्दल आपल्याला फक्त उंची सांगितली जाते.

तळपद्यांच्या यंत्रात पारा आणि सूर्यप्रकाश यांची शक्ती होती, असे सांगतात. लँग्लीच्या इंजिनाची शक्ती एक अश्वशक्तीच्या आसपास होती. भर दुपारी एक चौरस मीटरवर पडणारे ऊन जास्तीत जास्त एक किलोवॉट भरते. छोट्या बाष्पयंत्राची कार्यक्षमता दहा टक्के धरली, आणि हा अंदाज उदार आहे, तर एका अश्वशक्तीसाठी साडेसात चौरस मीटरचा आरसा यंत्रावर चढवावा लागेल आणि तो सतत सूर्याकडे वळता ठेवावा लागेल. पाऱ्याचे एक लिटर साडेतेरा किलोंहून अधिक भरते. म्हणजे लिटरभर पारा घेतला तर लँग्लीच्या संपूर्ण विमानाएवढे वजन टाकीतच झाले. हे गणित करायला पदवी लागत नाही.

तळपद्यांची गोष्ट पुढे ‘वैमानिक शास्त्रा’शी जोडली जाते, आणि येथे कालक्रमच उलटा होतो. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. १८९५ च्या यंत्राचा आधार १९१८ नंतर सांगितलेला ग्रंथ कसा होईल? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा केली. तो शोधनिबंध मुळातून वाचावा असा आहे. त्यांनी श्लोकांची भाषा तपासली, हस्तलिखिताचा माग काढला, शास्त्रीबुवांचे चरित्र पाहिले, आणि मगच शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चार विमानांच्या आकृत्या भौतिकीच्या नियमांवर घासल्या. एकही उडण्याजोगे निघाले नाही. आकृत्याही प्राचीन नव्हत्या; १९२३ साली एका आरेखकाकडून काढून घेतलेल्या होत्या. तळपद्यांनी शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली नमुने केले, पण ते उडवण्यात त्यांना यश आले नाही, अशीही नोंद त्यात आहे. तळपद्यांचा गौरव करणारे लेख हा निबंध बहुधा वगळतात. वास्तविक या वाक्यातला तळपदे मला जास्त खरा वाटतो: नमुना करणारा, तो पडलेला पाहणारा, पुन्हा करणारा. राइट बंधूही १९०१ च्या अपयशानंतरच लाकडी पेटीतल्या वाऱ्याच्या बोगद्याकडे वळले. दोनशेच्या आसपास पंखांचे नमुने त्यांनी तपासले, आणि सर्वांनी शंभर वर्षे मानलेला हवेच्या दाबाचा गुणक चुकीचा आहे हे दाखवले. १७ डिसेंबर १९०३ ची ती १२ सेकंदे आणि १२० फूट या खटाटोपातून आली. त्यांनी १५०० फुटांचा दावा केला नाही.

गौरवगाथेतल्या विमानांना धावपट्टी कधीच लागत नाही, हे या वाङ्मयाचे एक लक्षण आहे आणि त्याकडे कोणी पाहिलेले नाही. ती जागच्या जागी उठतात, कोणाचे शेत तुडवत नाहीत. खऱ्या उड्डाणाला वेग लागतो, वेगासाठी लांबी लागते आणि लांबीसाठी जमीन. ही जमीन आमच्या कल्याण तालुक्यात कशी मिळवली गेली, याचा इतिहास मात्र कोणत्याही दिवाळी अंकात मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याण परिसर लष्करी छावणीने व्यापला होता. त्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. छावणीच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला इंग्रज सरकारने विमानतळ केला. त्यासाठी आसपासच्या गावांतली भाताची दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली आणि शेतकरी तिच्यावर भात लावत राहिले. युद्धानंतर जमीन परत मिळेल असे सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, नेवाळी नाक्यावर आंदोलन पेटले. वाहने जळाली, पोलीस आणि गावकरी जखमी झाले. वर्तमानपत्रांनी दोन दिवस रकाने भरले आणि विषय संपला. डोंबिवलीतल्या पुष्कळ वाचकांना घरापासून काही किलोमीटरांवर एक विमानतळ होता हे त्या दिवशी प्रथम कळले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि गावे उठली, ते तर आपल्या डोळ्यांसमोरचे.

चौपाटीवरच्या न सापडणाऱ्या बातमीवर जेवढी पाने खर्च झाली, त्यांच्या दशांशही नेवाळीवर झालेली नाहीत. साहित्य हाताशी असूनही हे झाले. युद्धकाळातले फेरफार तहसील दप्तरात शोधता येतील. किती मोबदला कोणाला मिळाला, कोणी तो नाकारला, कोणत्या सर्व्हे नंबरवर धावपट्टी आणि कोणत्यावर कोठार होते, हे जुन्या सातबाऱ्यांवरून जुळवता येईल. आपल्या बापाने विमाने उतरताना पाहिली असे सांगणारे लोक गावांत असतील. त्यांची वयेही आता सत्तरीपुढची असणार.

आणि तळपद्यांसाठीही काम उरले आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे तळपद्यांच्या जन्मवर्षाचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १८९५ साली दोन्ही ठिकाणी मुंबईची पत्रे वाचणारे लोक होते. त्या वर्षीचे ‘केसरी’चे अंक पन्नासच्या आसपास भरतात. आठवडाभराची बैठक घालून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावेत आणि सापडले ते, किंवा न सापडले ते, तारखांसह छापावे. पुढच्या लेखकाने ‘मरुत्सखा’ हा शब्द लिहिण्याआधी एवढे केले, तरी त्या लेखाला या विभागात जागा मिळावी.