संचालकांची संख्या आणि सत्तेचे जाळे

शिवथर ज्या महाड तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९५६ चा कंपनी कायदा अमलात आला तेव्हा भारताचे अर्थमंत्री होते. त्या कायद्याच्या २७५ व्या कलमाने कोणाही व्यक्तीस वीसपेक्षा अधिक कंपन्यांचे संचालक होण्यास मनाई केली. प्रत्येक संचालकाने आपल्या कंपनीकडे पुरेसे लक्ष द्यावे आणि थोड्या व्यक्तींच्या हाती उद्योगांची सूत्रे एकवटू नयेत, असे दुहेरी समर्थन या मर्यादेचे केले जाते. त्यांपैकी पहिला हेतू तिने काही अंशी साधतो. दुसरा मात्र साधत नाही.

कारण उघड आहे. कायदा व्यक्तीची पदे मोजतो, कंपन्यांमधील संबंध मोजत नाही. वीस मंडळांवर बसणारा एक संचालक कंपन्यांच्या १९० जोड्या बांधतो. मर्यादा दहावर आणली तर त्या ४५ उरतात. परंतु प्रत्येकी दहा पदे असलेले दोन आप्त एकाच कंपनीत एकत्र बसले, की एकोणीस कंपन्या पुन्हा एका साखळीत येतात. शिवाय २७८ व्या कलमाने सार्वजनिक कंपनीशी निगडित नसलेल्या खासगी कंपन्या या मोजणीतून वगळल्या होत्या.

रा. कि. हजारी यांच्या १९६६ च्या ग्रंथाचे महत्त्व येथे ध्यानात येते. १९५१ व १९५८ या दोन वर्षांची तुलना करताना त्यांनी एकेकटी कंपनी नव्हे, तर एका निर्णयसत्तेखालील समूह हे अभ्यासाचे एकक मानले आणि त्याचे अंतर्वर्तुळ व बहिर्वर्तुळ वेगळे केले. तथापि समान संचालक म्हणजे समान नियंत्रण, असे समीकरण मांडणे सयुक्तिक नव्हे. एखादा विधिज्ञ केवळ सल्ल्यासाठी अनेक मंडळांवर असू शकतो. भागधारणा, आप्तसंबंध आणि कर्जव्यवहार यांची जोड मिळाल्यावाचून संचालकांची यादी पुरावा ठरत नाही.

१९७० साली मॅनेजिंग एजन्सीची पद्धत रद्द झाली. २०१३ च्या कायद्याने एकूण वीस व त्यांतील सार्वजनिक कंपन्या दहा, अशी मर्यादा घातली. मोजण्याची रीत मात्र तीच राहिली. आता प्रत्येक संचालकास स्वतंत्र ओळखक्रमांक असल्यामुळे हे जाळे रेखाटणे सुकर झाले आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने चालविणाऱ्या कंपन्यांपासूनही असा अभ्यास आरंभिता येईल. ज्या मंडळात कर्ज देणारा व घेणारा एकच असतो, तेथे लहान भागधारकाचे हित कोण पाहतो, हा त्याचा मुख्य प्रश्न असावा.