कचऱ्याचं बिल कुणी भरलं?

सतरा वर्षांच्या पोराला बाप अख्खा आइस हॉकीचा संघ घेऊन देतो आणि सांगतो, आता तूच चालव. बापाचा धंदा कचरा वाहून नेण्याचा, म्हणून संघाचं नाव 'ट्रॅशर्स'. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, डॅनबरीमध्ये २००४ साली हे खरंच घडलं. नेटफ्लिक्सवरचा 'अनटोल्ड: क्राइम अँड पेनल्टीज' (२०२१) हा माहितीपट त्याच संघाबद्दल आहे. चॅपमन आणि मॅक्लेन वे या भावांनी तो असा रंगवलाय की मी एका बैठकीत संपवला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी सेवा फुकट मिळाली की आमचा पहिला प्रश्न असतो, हा खर्च कुणाच्या खात्यातून जातोय? माहितीपट नेमका इथेच घाई करतो.

पोरानं, म्हणजे एजे गलांटेनं, मारामारीत तरबेज खेळाडू गोळा केले. बर्फावर हाणामारी, वर प्रेक्षकांचा जल्लोष. दुसऱ्याच मोसमात संघ अंतिम फेरीत. पण 'युनायटेड हॉकी लीग'मध्ये पगारांवर मर्यादा होती. ती चुकवायला वडील जिमी गलांटे यांनी आपल्या कंपन्यांमधून कागदोपत्री नोकऱ्या दाखवून पैसे दिले. माहितीपटात ही करामत वाटते.

आता या कंपन्यांची कमाई बघा. कचरा उचलणाऱ्यांनी गिऱ्हाइकं आपसांत वाटून घेतली होती. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला कमी दर सांगायचा नाही, आणि जेनोव्हीज या माफिया घराण्याला हप्ता द्यायचा. म्हणजे संघाचा खर्च शेवटी चढं बिल भरणाऱ्या दुकानदारांवर. २००६ मध्ये जिमींना अटक झाली आणि संघ बंद पडला. २००८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा ८७ महिन्यांची.

हा दुकानदार माहितीपटात कडेलाच राहतो. कॅमेरा मुलाच्या नजरेतून बापाकडे बघतो. ते प्रेम खरं आहे, आणि माहितीपटाची ताकदही तीच. पण 'स्लॅप शॉट' (१९७७) आठवा. तिथेही किरकोळ लीगमधला मारामाऱ्या करणारा संघ आहे, तिथेही हसून पुरेवाट होते. पण गावातला कारखाना बंद पडतोय, हे तो सिनेमा विसरू देत नाही.

तरी 'क्राइम अँड पेनल्टीज' जरूर बघा. मजा येईल. फक्त दर मारामारीला प्रेक्षक ओरडतात तेव्हा आठवा, त्यांच्यातलाच कुणीतरी सकाळी दुकान उघडून कचऱ्याचं बिलही भरत असेल. त्याला तिकीट दोनदा काढावं लागलं.