नॅथॅनिअल ब्रँडन यांचे मतांतर : एक चिकित्सा

प्रस्तावना

तत्त्वविचाराची चळवळ होते ती बहुधा त्याच्या शिक्षकामुळे. आयन रँड यांच्या वस्तुनिष्ठवादास असा शिक्षक नॅथॅनिअल ब्रँडन (१९३०–२०१४) यांच्या रूपाने लाभला. प्रस्तुत लेखात त्यांच्या मतांतराचे स्वरूप व मर्यादा तपासली आहे.

प्रचाराचा कालखंड

१९५० मध्ये ब्रँडन रँड यांच्या सहवासात आले. १९५८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी सुरू केलेल्या व्याख्यानमालेतून पुढे नॅथॅनिअल ब्रँडन इन्स्टिट्यूट उभी राहिली. 'अॅटलस श्रग्ड' (१९५७) ही कादंबरी रँड यांनी पतीसोबत ब्रँडन यांनाही अर्पण केली होती. १९६८ मध्ये वैयक्तिक कारणांवरून संबंध तुटले, संस्था बंद झाली आणि पुढील मुद्रणांतून अर्पणपत्रिकेतील त्यांचे नाव गेले.

मतांतराचे स्वरूप

'द डिसओन्ड सेल्फ' (१९७१) या ग्रंथात ब्रँडन यांनी व्यक्ती स्वतःच्याच भावना कशा नाकारते, याचा विचार केला. १९८४ च्या निबंधात त्यांनी रँड यांच्या तत्त्वज्ञानाचे लाभ व धोके स्वतंत्रपणे मांडले. भावनांचे दमन, नैतिक निवाड्यांची घाई, त्याग आणि परोपकार यांतील गल्लत व पोथीनिष्ठा हे त्यांतील प्रमुख धोके होत. भावना या मूल्यनिर्णयांची फलिते आहेत, असे रँड मानत. साहजिकच भीती वा दुःख वाटणे हाच अनुयायास आपला वैचारिक दोष वाटे आणि तो ते लपवी. मानसोपचारक ब्रँडन यांची भूमिका याउलट होती : भावनेचा स्वीकार ही परिवर्तनाची पहिली अट आहे.

मूल्यमापन

ही टीका वैयक्तिक कटुतेतून आली, असा आक्षेप संभवतो. परंतु त्या कठोर वातावरणातील स्वतःचा वाटाही ब्रँडन यांनी मान्य केला आहे. त्यामुळे आक्षेपाचे बळ कमी होते. खरी उणीव अन्यत्र आहे. विवेकनिष्ठा, व्यक्तिस्वातंत्र्य आणि विवेकी स्वहित ही तत्त्वे त्यांनी अखेरपर्यंत जपली व दोष मुख्यतः मानसशास्त्रीय बाजूस लावला. मात्र भावनांविषयीची उपपत्ती रँड यांच्या नीतिविचाराशी निगडित आहे. ती सदोष असेल, तर नीतिविचाराचीही फेरतपासणी आवश्यक ठरते. ती त्यांनी पुरेशी केली नाही.

निष्कर्ष

ब्रँडन यांचे मतांतर म्हणजे तत्त्वत्याग नव्हे, तर तत्त्वाच्या मानवी परिणामांची उशिरा घेतलेली दखल होय. ती अपूर्ण असली, तरी चळवळीच्या शिक्षकानेच ती घ्यावी, यात तिचे महत्त्व आहे.