धाव्याचा वेग

वेळापूरच्या अलीकडे धावाबावीच्या उतारावर माउलींच्या पालखीसोबतचे वारकरी धावत सुटतात. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला अन् ते धावले, ही श्रद्धा. एरवी वारी म्हणजे चालणे.

असल्या प्रसंगांची हौशी चित्रणे जतन करताना नेमका हाच फरक पुसला जातो. १९६५ साली आलेल्या सुपर-८ फिल्मचे ५० फुटी रीळ १८ फ्रेमच्या नेहमीच्या वेगाने ३ मिनिटे २० सेकंद चालते. तेच २५ फ्रेमच्या व्हिडिओत एकास एक उतरवले, की २ मिनिटे २४ सेकंदांत आटोपते. मग चालणारेही पळतात आणि धावा उरतच नाही. बहुतेक रिळे मुकी. त्यामुळे चूक कानालाही कळत नाही. पाहणारे हसतात, एवढेच.

म्हणून डिजिटल प्रत झाली की रीळ टाकून द्यावे, हे मला मान्य नाही. व्हिनेगरसारखा वास सुटलेली अ‍ॅसिटेट फिल्म फार थांबत नाही, हे खरे. पण थंड, कोरड्या जागी तिला थोडी मुदत मिळते. तेवढ्यात गावातल्या जाणत्यांना पडद्यासमोर बसवून विचारून घ्यावे : साल कोणते, दिंडी कोणाची, आणि हा माणूस चालतोय की धावतोय?