‘झोइलिझम’ शब्दाची कुळकथा

आकसानें केलेल्या कठोर टीकेस इंग्रजींत ‘झोइलिझम’ असा एक विरळा शब्द आहे. ‘द्वेषमूलक छिद्रान्वेषण’ हा त्याचा अर्थ. तो ज्याच्या नांवावरून आला, तो झोइलस इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत अँफिपोलिस ह्या ग्रीक नगरींत होऊन गेला. होमरच्या काव्यांतील दोष दाखविण्यासाठीं त्यानें नऊ भागांचा ग्रंथ लिहिला. लोकांनीं त्यास ‘होमरोमास्टिक्स’ म्हणजे ‘होमरवरील कोरडा’ असें नांव ठेविलें. टीकाकाराच्या हातीं कोरडा देण्याची कल्पना मराठीप्रमाणें ग्रीकांसही सुचली होती, हें पाहून आम्हांस मौज वाटली.

तो ग्रंथ नष्ट झाला. इतरांच्या लिखाणांत कांहीं आक्षेप तेवढे उरले आहेत. सर्सीनें डुकरें बनविलेल्या ओडिसियसच्या सोबत्यांस झोइलस ‘रडणारीं डुकरें’ म्हणून हिणवितो. ही निव्वळ टवाळी होय. परंतु पात्रोक्लसाचा आत्मा धुरासारखा भूमीखालीं गेला असें होमर म्हणतो, त्यावर ‘धूर तर वर जातो’ हा त्याचा आक्षेप घ्या. ह्यांत द्वेष तो कोठें आहे? आमच्या भामहानें उपमेचे सात दोष गणले, म्हणून त्यास कोणी मत्सरी म्हटलें नाहीं.

झोइलसाची अपकीर्ति मुख्यतः रोमन लेखक व्हिट्रुव्हिअस ह्याच्या एका कथेनें पसरली. झोइलस टॉलेमी फिलाडेल्फस राजाकडे मदत मागावयास गेला, तेव्हां राजा म्हणाला कीं, हजार वर्षांपूर्वीं मेलेला होमर आजही हजारों लोकांस पोसतो. त्याहून बुद्धिमान म्हणविणाऱ्यानें एकट्याचेंच नव्हे, तर अनेकांचें पोट भरावें! पुढें त्यास कोणी सुळीं दिलें म्हणतात, कोणी दगडांनीं मारलें, कोणी जिवंत जाळलें. वस्तुतः हा राजा गादीवर आला इ. स. पूर्वीं 283 च्या सुमारास. तोंवर झोइलस हयात असणें कठीण. तरीही, ह्यांपैकीं कोणतेंही मरण त्यास योग्यच होतें, असा व्हिट्रुव्हिअसचा निर्वाळा आहे.

ह्याच्या उलट हॅलिकार्नाससचा साक्षेपी समीक्षक डायोनिसिअस ह्याची साक्ष पाहा. प्लेटोवर मत्सरानें नव्हे, तर सत्यशोधनार्थ टीका करणाऱ्यांत तो झोइलसाचें नांव घेतो. कोशकारांनीं मात्र पहिल्याच साक्षीदाराचें ऐकलें. प्रतिकूल अभिप्राय छापून आला कीं टीकाकाराच्या मत्सराचीच चर्चा करणारे ग्रंथकार आमच्याकडेही थोडेथोडके नाहींत. त्यांना हा शब्द फार आवडेल. धुराच्या आक्षेपास व्हिट्रुव्हिअसनें उत्तर दिलेलें नाहीं.