मैना, मुकादम आणि राज्याची हद्द

सोयाबीनची मळणी उरकली, दिवाळी झाली की मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर घरांना कुलपे लागू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघतात. होळीची फेरी सोडली, तर परततात ती मृगाच्या तोंडावर. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. या जोडप्यांना कायदा काय म्हणतो, हे पाहायला मी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम वाचायला घेतला.

ओडिशातील दादन मजुरांच्या पिळवणुकीतून आलेला हा कायदा कागदावर उदार होता. ठेकेदाराने पाच किंवा अधिक मजूर परराज्यात नेले, तर पासबुक, प्रवासखर्च, निवारा, औषधोपचार आणि महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका विस्थापन भत्ता द्यावा, असे तो २०२५ पर्यंत सांगत असे. मात्र त्याची सारी मदार ‘परराज्य’ या शब्दावर होती. मानोऱ्याहून आदिलाबाद जवळ, पुणे कितीतरी दूर. तरी आदिलाबादला नेलेला मजूर स्थलांतरित ठरतो, पुण्याला नेलेला ठरत नाही. २०२० च्या श्रमसंहितेने स्वतःहून गेलेल्या मजुरालाही व्याख्येत घेतले, पण राज्याची हद्द कायम ठेवली.

इथे मला अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवते. ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे गाणे म्हणून वाचली जाते. मैनेचा विरह म्हणजे बेळगाव, कारवार, डांग यांची ताटातूट, असा तिचा अर्थ लावतात. तो चूक नाही, अपुरा आहे. ऐकणाऱ्या कामगाराची बायको खरोखरच गावी होती, म्हणून ते रूपक त्याला भिडले. आधीचे दुःख गाव आणि शहर यांच्यातले, नंतरचे हद्दीचे. कायद्याने नंतरचे धरले आणि आधीचे सोडून दिले.

साहित्याचीही एक मर्यादा नोंदवायला हवी. नारायण सुर्वे यांच्या कवितेतला कामगार शहरात रुजलेला आहे. ‘समावेशना’ची धोरणे अजून त्यालाच डोळ्यांपुढे ठेवतात. मुंबईत झोपडीच्या संरक्षणासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत सात महिने काढणाऱ्या, दर हंगामाला मुकादम बदलणाऱ्या जोडप्याने हे आणायचे कुठून?

अपवाद रेशनचा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत त्याच कार्डावर पुण्यात काही धान्य उचलता येते आणि उरलेले तांड्यावरची म्हातारी उचलू शकते. तू नेमका कुठला, हा प्रश्न तिथे मजुराला विचारला जात नाही. अंमलबजावणीत अडचणी असतील. पण दोन ठिकाणी जगणारे एक कुटुंब शासनाला मान्य करता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. पोरांची शाळा, दवाखाना आणि मंडळाची नोंदणी याच तत्त्वावर का चालू नये, हा माझा प्रश्न आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा मानोऱ्यातली पहिली टोळी निघालेली असेल.